शिकागोतला यीरो: दुकान ठरवण्याआधी शीग बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: शिकागोत नव्याने राहायला आलो. इथला यीरो (उभ्या शिगेवर भाजलेल्या मांसाच्या पट्ट्या पिटा नावाच्या जाडसर रोटीत, दह्याच्या सॉसबरोबर देतात ते ग्रीक सँडविच) प्रसिद्ध म्हणून चार-पाच ठिकाणी खाऊन पाहिला. नेटवर सगळ्यांना साडेचार तारे, पण चव सगळीकडे जवळपास सारखीच, आणि एका ठिकाणी तर मांस वातड निघालं. मग शहरातला सगळ्यात चांगला यीरो मिळतो कुठे? शिवाय बायको बीफ खात नाही, तिच्यासाठी काय मागवावं?

सगळीकडे चव सारखी लागली हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे, आणि उत्तर तिथूनच सुरू होतं. अमेरिकेत उभ्या शिगेवर फिरणारा जो मांसाचा गुळगुळीत कोन दिसतो, तो कारखान्यात बनवण्याचा धंदा १९७० च्या दशकात मुख्यतः शिकागो परिसरातच वाढला. ग्रेशियन डिलाइट १९७४ ची, क्रोनोस १९७५ ची. पुढे या दोन्ही एकत्र आल्या. ऑलिंपिया आणि डेव्हँको हीही इथलीच नावं. देशभरातल्या दुकानांना इथून कोन जातात आणि शहरातली बहुतेक दुकानंही यांच्यापैकीच कुणाकडून तरी माल घेतात. म्हणजे एकाच रस्त्यावरच्या दोन दुकानांत मांस एकाच कारखान्यातून, एकाच मसाल्याचं आलेलं असू शकतं. भिंतीवर हातात यीरो धरलेल्या बाईचं जुनं पोस्टर असेल तर त्यावरचं कंपनीचं नाव वाचा. माल कुणाचा आहे हे बऱ्याचदा तिथेच कळतं.

त्यामुळे 'कुणाची रेसिपी भारी' हा प्रश्न इथे फारसा कामाचा नाही. कोन तोच असतो. तो नीट भाजणं, योग्य वेळी कापणं, पिटा गरम करणं आणि सॉस करणं एवढंच दुकानाच्या हातात उरतं. फरक पडतो तो या चार गोष्टींत, आणि त्यातही सगळ्यात जास्त पहिल्या दोनांत. या चारही गोष्टी काउंटरसमोर उभं राहून पाच मिनिटांत तपासता येतात. म्हणून एकच दुकान सांगण्याऐवजी काय बघायचं ते सविस्तर सांगतो. दुसरं असं की त्याच दुकानातला शुक्रवारी संध्याकाळी सातचा यीरो आणि मंगळवारी दुपारी साडेतीनचा यीरो हे दोन वेगळे पदार्थ असतात. तुम्ही कुठल्या उपनगरात राहता, गाडी आहे का, जेवायची वेळ कुठली, तिथेच खाणार की पार्सल नेणार, यावरही निवड बदलते.

आधी कोन म्हणजे काय ते बघू, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. शिकागोचा नेहमीचा कोन बीफ आणि लॅम्बच्या (कोवळ्या मेंढीच्या मांसाच्या) बारीक खिम्याचा असतो. त्यात ब्रेडचा चुरा किंवा सोया प्रथिन, पाणी, मीठ, ओरेगॅनो, लसूण, कांद्याची पूड, मिरी असं घालून तो साच्यात दाबून गोठवतात. दुकानात तो गोठलेलाच शिगेवर चढतो. बाहेरचा थर सुटतो, भाजतो, कापला जातो, मग आतला थर उघडा पडतो. आतलं मांस शेवटपर्यंत थंड आणि कच्चं राहतं. खाण्यालायक असतो तो फक्त बाहेरचा काही मिलिमीटरचा भाजलेला थर. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की बाकीच्या चुका आपोआप दिसायला लागतात.

ग्रीसमधला यीरो याहून वेगळा. तिथे मुख्यतः डुकराच्या किंवा कोंबडीच्या मांसाचे पातळ तुकडे मसाल्यात मुरवून एकावर एक रचतात, खिमा दाबून नाही. अथेन्सला जाऊन आलेला मित्र 'शिकागोचा यीरो खरा नाही' म्हणाला तर तो या फरकाबद्दल बोलतो आहे. मला दोन्ही प्रकार आवडतात, पण एकाच फूटपट्टीने मोजू नयेत. शिकागोतही काही ठिकाणी हाताने रचलेली शीग मिळते. ओळख सोपी आहे: रचलेल्या शिगेची कड खडबडीत असते, थर आणि चरबीच्या पट्ट्या वेगळ्या दिसतात, कापल्यावर लहान-मोठे, वेडेवाकडे तुकडे पडतात. कारखान्याचा कोन वरपासून खालपर्यंत गुळगुळीत असतो आणि त्याच्या लांब, सलग पट्ट्या निघतात. रचलेली शीग दिसली तर तिथे एकदा जरूर खा. मात्र मांस कशाचं ते आधी विचारा, कारण ते पोर्क असण्याची शक्यता बरीच असते.

आता बीफचं, कारण घरात पथ्य असेल तर पहिली चाळणी तीच. पाटीवर नुसतं 'यीरो' लिहिलं असेल तर त्यात बीफ आहे असंच धरून चाला. पाटीवर लॅम्ब लिहिलं असलं तरी तेच. बहुतेक कोनांत बीफ जास्त आणि लॅम्ब कमी असतं, आणि काउंटरवरची मुलं सवयीने 'लॅम्ब आहे' असं सांगतात. ती खोटं बोलत नाहीत, लॅम्ब असतंच. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर ते नाही. म्हणून विचारताना 'लॅम्ब आहे का' असं विचारू नका, 'यात बीफ आहे का' असं विचारा. खात्री नसेल तर कोनाच्या खोक्यावरचं लेबल दाखवायला सांगा. अमेरिकेत लेबलवर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, त्यामुळे पहिला शब्द वाचला की निम्मं काम होतं. गर्दी नसताना नम्रपणे विचारलं तर बहुतेक जण फ्रीझरमधलं खोकं दाखवतात.

हलाल पाटीने इथे फसायला होतं. डेव्हन अव्हेन्यूवर किंवा ब्रिजव्ह्यूच्या बाजूला हलाल यीरो सहज मिळतो, पण हलाल म्हणजे पोर्क नाही एवढंच कळतं. बीफ असायला काहीच हरकत नसते. तुमच्या पत्नीसाठी सरळ पर्याय म्हणजे चिकन यीरो किंवा चिकन शवर्मा. त्यातही दोन गोष्टी विचाराव्या लागतात. पहिली, चिकन वेगळ्या शिगेवर आहे की पाकिटातल्या पट्ट्या तव्यावर गरम करून देतात? दुसरी, तो तवा आणि ती सुरी बीफलाही वापरतात का? लहान दुकानांत एकच तवा असतो. पथ्य कडक असेल तर शवर्माचं असं दुकान शोधा जिथे चिकनची शीग स्वतंत्र आहे. केडझी अव्हेन्यूवर आल्बनी पार्कच्या बाजूला अरबी खाण्याची दुकानं आहेत, तिथून सुरुवात करा. आणि शाकाहारी पाहुणे बरोबर असतील तर फ्रेंच फ्राइज कशात तळतात हेही विचारून घ्या. शिकागोतली काही हॉट डॉगची दुकानं अजूनही बीफच्या चरबीत बटाटे तळतात.

आता दुकानात शिरल्यावर काय बघायचं. आधी शीग आहे का ते बघा. हा प्रश्न बावळट वाटेल, पण पाटीवर यीरो असलेल्या कितीतरी ठिकाणी शीग नसतेच. ते कारखान्यात आधीच भाजून, कापून, गोठवलेल्या पट्ट्यांची पाकिटं आणतात आणि मागणी आली की तव्यावर टाकतात. अशा पट्ट्या ताटात ओळखता येतात: सगळ्यांची रुंदी आणि जाडी एकसारखी, कडा सरळ, दोन्ही बाजूंचा रंग सारखाच तपकिरी-करडा. शिगेवरून कापलेल्या पट्टीची एक बाजू खरपूस आणि गडद असते, दुसरी फिकट आणि मऊ. या दोन बाजूंमधला फरक हीच यीरोची खरी गंमत. तुम्हाला वातड लागलेलं मांस बहुधा पाकिटातलं असावं, नाहीतर पुढे सांगतो तसं तव्यावर जास्त वेळ राहिलेलं.

शीग दिसली की तिचा आकार बघा. चांगला कापणारा माणूस वरपासून खालपर्यंत लांब, सलग हात मारतो, त्यामुळे कोन सगळीकडून सारखा झिजतो. मध्येच कंबर पडलेली असेल, वर किंवा खाली जाड गोळा राहिला असेल, तर समजा की जिथे हात सहज पोचतो तिथूनच कापलं जातंय. मग मधला भाग पुरेसा भाजायच्या आत कापला जातो आणि टोकं करपून कडक होतात. तुमच्या वाट्याला कुठला भाग येईल हा मग नशिबाचा खेळ.

त्यानंतर कोन आणि जाळ यांच्यातलं अंतर. कोन झिजत जातो तसा तो आचेपासून दूर जातो. चांगल्या यंत्रावर शीग पुढे-मागे सरकवता येते किंवा बर्नर हलवता येतो, आणि जाणकार माणूस दिवसभरात ते दोन-तीनदा करतो. बारीक झालेला कोन लांबच्या आचेवर नुसताच फिरत असेल तर मांस भाजत नाही, वाळतं. पृष्ठभागावर चरबी चमकत असावी आणि हळूहळू खाली ओघळत असावी. पृष्ठभाग कोरडा, मळकट तपकिरी आणि चिरा पडलेला दिसला तर तो कोन बराच वेळ कुणी कापलेला नाही.

तिसरी गोष्ट, शिगेखालचं ताट. ओघळलेली चरबी त्यात जमते आणि कापलेलं मांसही त्यातच पडतं. कापलं आणि लगेच चिमट्याने उचलून पिटावर ठेवलं तर उत्तम. पण ताटात मांसाचा ढीग साठलेला असेल आणि ऑर्डर आली की त्यातूनच उचललं जात असेल, तर खरपूस कड त्या चरबीत आणि वाफेत केव्हाच मऊ पडलेली असते. शिकागोतल्या चांगल्या आणि सामान्य यीरोतला सगळ्यात मोठा फरक मी इथेच मानतो. कोन सारखा, यंत्र सारखं, पण एक जण मागणीनुसार कापतो आणि दुसरा गर्दीच्या भीतीने आधीच कापून ठेवतो. पट्टीची जाडी साधारण ३ मिलिमीटर असावी. याहून जाड कापली तर आतला फिकट, कच्चट थर बरोबर येतो. फार पातळ कापली तर चुरा होतो आणि पिटात नुसता भुसा भरल्यासारखं लागतं.

आता वेळेबद्दल, कारण इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. गर्दीचं दुकान म्हणजे चांगलं दुकान, हा नियम अर्धाच खरा आहे. गर्दी नसेल तर कोन वाळतो हे बरोबर. पण गर्दी अती झाली तर कापणारा एकामागोमाग एक थर काढत जातो आणि नव्या थराला कड धरायला वेळच मिळत नाही. पृष्ठभागावरचं पाणी आधी उडून जावं लागतं, मगच मांसाला रंग येतो, आणि त्याला काही मिनिटं लागतात. म्हणून ऐन बाराच्या झुंबडीतला यीरो बऱ्याचदा फिकट आणि मऊ असतो. मला योग्य वाटणाऱ्या वेळा म्हणजे दुपारी एक ते दोन आणि संध्याकाळी साडेसहा ते आठ: कोन सतत कापला जातोय, पण दोन कापण्यांच्या मध्ये थोडी उसंत आहे. बारालाच जायचं असेल तर मांस कापल्यावर तव्यावर थोडं कडक करून द्यायला सांगा. 'क्रिस्पी' किंवा 'वेल डन' म्हटलं की काउंटरवर कळतं. हा उपाय ३० ते ४५ सेकंदांचाच आहे. त्यापुढे मांस तव्यावर राहिलं की चरबी निघून जाते, ब्रेडचा चुरा आणि प्रथिनं घट्ट बसतात आणि मांस वातड होतं.

सकाळी दुकान उघडल्या-उघडल्या जाऊ नका. नवा कोन चढवला असेल तर बाहेरचा थर अजून सुटत असतो. रात्री उरलेलं मांस चांगली दुकानं कापून, शिजवून, लगेच थंड करून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी तव्यावर पूर्ण गरम करून देतात. यात गैर काही नाही, नियमही असंच सांगतात: थंड अन्न ५ अंश सेल्सिअसच्या खाली, गरम ५७ च्या वर, आणि पुन्हा गरम करताना ७४ पर्यंत. पण चव अर्थातच शिळ्याची. काळजी वाटावी अशी गोष्ट वेगळी आहे: रात्री बर्नर बंद करून तसाच ठेवलेला अर्धवट कोन दुसऱ्या दिवशी पुन्हा फिरवायला लावणं. तसं चालतं अशी शंका आली तरी मी त्या दुकानात परत जाणार नाही.

कोनाचं माप आणि दुकानाचा खप जुळतो का हेही बघता येतं. कोन १० पौंडांपासून ४० पौंड आणि त्याहून मोठेही मिळतात. भाजताना वजन साधारण पाव ते एक तृतीयांश कमी होतं. एका सँडविचमध्ये ५ औंस, म्हणजे १४० ग्रॅम मांस धरलं तर २० पौंडांच्या कोनातून ४५ च्या आसपास सँडविच निघतात आणि ४० पौंडांतून ९० च्या आसपास. चार टेबलांच्या, हॉट डॉग आणि इटालियन बीफ सँडविचवर चालणाऱ्या दुकानात ४० पौंडांचा भलामोठा कोन फिरताना दिसला तर तो दिवसभरात संपणार नाही हे सरळ आहे. याउलट त्याच दुकानात संध्याकाळी लहानसा, जवळजवळ शिगेपर्यंत आलेला कोन दिसला तर ती चांगली खूण. मोठ्या कोनाची ऐट बघून भुलू नका.

पिटाबद्दल फार लांबण लावत नाही. शिकागोत तो जाडसर, बिनखिशाचा असतो आणि बहुतेक ठिकाणी गोठलेला येतो. त्यात वाईट काही नाही. बघायचं एवढंच की तेलाचा हलका हात देऊन तो तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजतात की वाफेवर नुसता गरम करतात. तव्यावरच्या पिटावर तपकिरी ठिपके दिसतात आणि दुमडल्यावर तो तुटत नाही. मायक्रोवेव्हमधला पिटा पहिली दोन मिनिटं मऊ असतो, मग रबरासारखा ताणला जातो. पिटा दुमडताना मधोमध फाटला तर तो आत थंड राहिला होता.

सॉसवर मात्र थोडं थांबायला हवं, कारण दुकानदाराची मेहनत इथे लपत नाही. यीरोबरोबरच्या या सॉसला झाझिकी म्हणतात. चांगलं झाझिकी म्हणजे पाणी निथळलेलं घट्ट दही, किसून मीठ लावून पिळलेली काकडी, लसूण, ऑलिव्ह तेल, थोडं व्हिनेगर किंवा लिंबू आणि बऱ्याचदा शेपू. आपण श्रीखंडासाठी चक्का टांगतो तेच तत्त्व, फक्त साखरेऐवजी लसूण. काकडी पिळली नाही तर दहा मिनिटांत सॉसला पाणी सुटतं आणि पिटा खालून ओला होतो. कारखान्यातून डब्यात येणारं सॉस वेगळं दिसतं: एकजीव, चमकदार, चमच्याला चिकटून राहणारं, आणि काकडी बघायला शोधावी लागते. शिकागोत सॉस बऱ्याचदा छोट्या वाटीत वेगळं देतात. तसं न दिल्यास वेगळं मागा. आधी बोटाच्या टोकावर घेऊन चाखा: लसूण जिभेवर लागला पाहिजे, आंबटपणा दह्याचा असला पाहिजे आणि काकडी दाताखाली आली पाहिजे. घरी केलेलं सॉस असलेल्या दुकानात बाकीच्या गोष्टीही सहसा मनापासून केलेल्या असतात. हा माझा अंदाज क्वचितच चुकतो.

कांदा आणि टोमॅटोचं सांगायचं तर कांदा पातळ आणि आयत्या वेळी चिरलेला हवा. सकाळी चिरून ठेवलेल्या कांद्याला उग्र वास येतो आणि तो सगळ्या मांसावर चढतो. हिवाळ्यातल्या टोमॅटोकडून शिकागोत कसलीही अपेक्षा ठेवू नका.

कुठे शोधायचं? पहिलं नाव अर्थातच हॅलस्टेड रस्त्यावरचं ग्रीकटाउन. १९६० च्या दशकात विद्यापीठाच्या नव्या आवारासाठी जुनी ग्रीक वस्ती उठली आणि दुकानं थोडी उत्तरेला सरकली, ती ही जागा. नॅशनल हेलेनिक म्युझियमही इथेच आहे. पण आता तिथे पूर्वीइतकी ग्रीक हॉटेलं उरलेली नाहीत. १९६८ साली सुरू झालेलं 'द पार्थेनॉन' २०१६ मध्ये बंद पडलं, तरी जुन्या याद्यांत त्याचं नाव अजून सापडतं. यादीची तारीख बघूनच निघा. ग्रीकटाउनच्या मोठ्या, टेबलावर वाढणाऱ्या हॉटेलांत यीरो हा अनेक पदार्थांतला एक असतो. तिथे मासे, ऑक्टोपस किंवा पेटवून आणतात ते सागानाकी चीज खाण्यात जास्त अर्थ आहे. यीरोसाठी काउंटरवर उभं राहून घेण्याची दुकानं चांगली, कारण तिथे शीग डोळ्यांसमोर असते आणि खपही जास्त असतो. शहराच्या वायव्येकडचे रस्ते, लिंकन स्क्वेअरचा भाग, नाइल्स आणि ओक लॉनसारखी उपनगरं, इथे ग्रीक कुटुंबांची जुनी वस्ती आहे आणि कोपऱ्यावरच्या हॉट डॉगच्या दुकानांतही शिगेची चांगली काळजी घेणारे लोक भेटतात. पाटीवर यीरोचं नाव सगळ्यात वर आहे की वीस पदार्थांच्या तळाशी, हे बघा. तळाशी असेल तर खप कमी, आणि खप कमी तर कोन वाळणार.

नेटवरच्या ताऱ्यांवर किती भरवसा ठेवायचा? सरासरीवर जवळजवळ नाहीच. शिकागोत यीरोला तारे मिळतात ते मुख्यतः मांस भरपूर दिलं म्हणून, आणि आजकाल अर्धे अभिप्राय घरपोच मागवलेल्या पार्सलवरचे असतात. फॉइलमध्ये वीस मिनिटं वाफ खाल्लेल्या यीरोवरून दुकानाची परीक्षा होत नाही. त्याऐवजी सगळ्यात नवे अभिप्राय आधी लावा आणि लोकांनी काढलेले फोटो बघा, दुकानाने टाकलेले नव्हे. फोटोत शीग दिसते का? पट्ट्यांच्या कडा गडद आहेत का? सगळ्या पट्ट्या एका मापाच्या दिसतात का? 'समोर कापून दिलं', 'कडा कुरकुरीत होत्या' अशी वाक्यं शोधा. 'दोघांत एक पुरला' हे वाक्य चवीबद्दल काहीच सांगत नाही.

असं करत यादी चार दुकानांवर आणा आणि सगळीकडे एकच गोष्ट मागवा: साधं सँडविच, सॉस वेगळं, त्याच सुमाराच्या वेळेला, तिथेच बसून खायचं. एक पट्टी आधी नुसती खा, सॉस न लावता. खारटपणा आणि मसाला बहुतेक सारखाच लागेल, कारण तो कारखान्याचा आहे. लक्ष द्या ते कडेकडे, ओलाव्याकडे आणि तेलकटपणाकडे. मग सॉस चाखा, मग सगळं एकत्र. दुकान आवडलं की पुढच्या वेळी प्लेट मागवा. प्लेटमध्ये मांस जवळजवळ दुप्पट असतं, पिटा वेगळा येतो आणि दोन माणसांचं जेवण होतं. पहिल्याच वेळी प्लेट घेऊ नका, कारण एवढ्या मांसासाठी घाईत कापताना आतले फिकट थरही येतात आणि तुलना बिघडते.

काउंटरवर मागायला संकोचू नका. 'शिगेवरून आत्ता कापून द्याल का, दोन-चार मिनिटं थांबतो' एवढं म्हणा. चांगल्या दुकानात ही विनंती खपून जाते. कापणारा उलट खूश होतो, कारण आपल्या कामाकडे कुणी बघतंय हे त्याला कळतं. 'ताटात आहे तेच मिळेल' असं उत्तर आलं तर तुमचा शोधही थोडा सोपा झाला.

पार्सलच न्यायचं असेल तर सँडविच बांधून घेऊ नका. मांस, पिटा, कांदा-टोमॅटो आणि सॉस चार वेगळ्या डब्यांत मागा आणि गाडीत मांसाच्या डब्याचं झाकण किंचित उघडं ठेवा, म्हणजे वाफ कोंडणार नाही. घरी बिडाचा तवा चांगला तापवा, तेल घालू नका, मांसात पुरेशी चरबी असते. पट्ट्या एकमेकींवर न चढवता एका थरात पसरा, फिकट बाजू खाली, एक मिनिट. उलटवून अर्धं मिनिट, आणि काढा. त्याच तव्यात सुटलेल्या चरबीवर पिटा दोन्ही बाजूंनी शेकून घ्या. पत्नीसाठी चिकन आणलं असेल तर ते आणि तिचा पिटा आधी, स्वच्छ तव्यावर करा, मग बीफचं. उरलेलं मांस दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. तीन-चार दिवस टिकतं, पण दुसऱ्या दिवशीच संपवलेलं बरं. सॉसला पाणी सुटलं असेल तर ढवळू नका, वरचं पाणी ओतून टाका.